एसपी, एसएफ आणि मधली कोरी जागा

अहो, ऐकलंत का? जरा कुंपणाशी या बघू. कढीपत्ता मागाहून तोडा, तो काही पळून जात नाही. आमच्याकडे काल पार्सल आलं, आणि त्या पार्सलवरून तो जुना विषय परत निघाला. कुठला काय विचारता? सांताफे आणि सदर्न पॅसिफिकच्या मोडलेल्या लग्नाचा!

म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या ह्यांना अमेरिकेतल्या मालगाड्यांचं किती वेड ते. डबे नाहीत हं, इंजिनं. त्यातही इंजिनाचा रंग. मी म्हटलं, अहो, कोळसा ओढणाऱ्या इंजिनाला काय रंग लावला म्हणून काय बिघडतं? तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पैठणीला फडकं म्हटलं.

तर काय सांगत होते... दोन्ही रेल्वे-घराणी तालेवार. सदर्न पॅसिफिकची इंजिनं अंगाने राखाडी आणि नाकाडावर लालभडक. तिथली पोरं त्याला चक्क 'ब्लडी नोज' म्हणायची, कुणी ठोसा मारून नाक फोडावं तसं दिसतं म्हणून! सांताफेकडे मालगाडीला निळं-पिवळं. 1983 च्या डिसेंबरात दोघांच्या वरच्या कंपन्या एक झाल्या. वडीलधाऱ्यांची बोलणी झाली म्हणा ना. पण प्रत्यक्ष रेल्वे एकत्र करायच्या तर इंटरस्टेट कॉमर्स कमिशनची परवानगी हवी. ती येईपर्यंत सदर्न पॅसिफिकला ट्रस्टकडे वेगळं ठेवलेलं. मुलगी मामाकडे ठेवतात ना, तसं.

आणि इथे ह्यांची घाई बघा! परवानगीचा पत्ता नाही आणि इंजिनं रंगवायला काढली. लाल, पिवळा आणि काळा. एक-दोन नाही हो, तीनशेच्या वर. कोडॅकचा तो कॅमेऱ्याचा रोल मिळायचा ना, कोडाक्रोम, त्याच्या खोक्यासारखा रंग. म्हणून नावही तेच पडलं, कोडाक्रोम.

पण खरी गंमत पुढेच आहे. (हळू बोलते, हे आत पेपर वाचतायत.) सदर्न पॅसिफिकच्या इंजिनांवर मोठ्ठी अक्षरं लिहिली 'एसपी', आणि त्याच्यापुढे जागा कोरी सोडली. सांताफेच्या इंजिनांवर आधी जागा कोरी, मग 'एसएफ'. म्हणजे निकाल लागला रे लागला की उरलेली दोन-दोन अक्षरं चिकटवायची, झालं 'एसपीएसएफ'! लग्नाआधीच दारावरच्या पाटीवर नवऱ्याच्या आडनावाला जागा सोडून ठेवावी, अगदी तसलाच प्रकार. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय!

आता त्यांचंही अगदीच चुकलं म्हणवत नाही. 1982 मध्ये यूपीने, म्हणजे आपल्या युनियन पॅसिफिकने हो, मिसूरी पॅसिफिक आणि वेस्टर्न पॅसिफिक अशा दोघींना घरात आणायचं म्हटलं, तेव्हा ह्याच कमिशनने होकार दिला होता. ह्यांना वाटलं, त्यांना मिळाला, आपल्याला का नाही मिळणार?

तर 1986 चा जुलै. कमिशन बसलं. पाच जण. आणि मत काय पडावं? चार विरुद्ध एक, नकार! म्हणे तुमचे दोघांचे रूळ कॅलिफोर्नियापासून टेक्सासपर्यंत शेजारीशेजारीच धावतात, तुम्ही एक झालात तर माल पाठवणाऱ्याने भावासाठी घासाघीस करायची कुणाशी? एका गल्लीत दोन वाणी, आणि दोघांनी दुकान एक केलं तर आपण डाळ घ्यायची कुठे, सांगा. 1987 मध्ये परत विनवण्या केल्या, परत नाही म्हणाले.

अहो, चेहरे कसे पडले असतील! साहेबलोकांचं सोडा, मला त्या कारखान्यातल्या रंगाऱ्यांचीच दया येते. तीनशे इंजिनं घासूनपुसून रंगवली, आणि आता ती कोरी जागा सगळ्या देशाला दाखवत फिरायची. एका दिवसात थोडीच खरवडून निघतात? वर्षानुवर्षं धावली ती तशीच, अर्ध्या नावाची. आणि लोक काय गप्प बसतात? एसपीएसएफचा लाँगफॉर्म केला, 'शुडंट पेंट सो फास्ट'! रंगवायची एवढी घाई करायची नव्हती म्हणे. हे आजही सांगताना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतात. मी पहिल्यांदा हसले होते, आता नाही हसत.

पुढे? पुढे तर अजूनच मजा. 1988 मध्ये सदर्न पॅसिफिक घेतली ती फिलिप अ‍ॅनशूट्झने, रिओ ग्रँड रेल्वेवाल्याने. रिओ ग्रँड केवढीशी, ही केवढी! पण नाव कुणाचं राहिलं? सदर्न पॅसिफिकचंच. पैसे नवऱ्याचे आणि आडनाव बायकोचं. घरजावईच की!

आणि सांताफेबाईंनी काय केलं, ऐका. 1989 मध्ये ट्रंकेतला जुना शालू बाहेर काढला. लाल आणि रुपेरी, वॉरबॉनेट. 1937 पासून त्यांच्या सुपर चीफ नावाच्या झोकदार पॅसेंजर गाडीचा रंग तो. पॅसेंजर गाड्या अ‍ॅमट्रॅककडे गेल्या 1971 ला, तेव्हापासून घडी घालून ठेवला होता. हॅव्हर्टी म्हणून नवे प्रेसिडेंट आले, म्हणाले मालगाडीला लावा! लोक रुळाकडेला कॅमेरे घेऊन उभे. लग्न मोडलेल्या मुलीने पुढच्याच हळदीकुंकवाला ठसक्यात यावं ना, अगदी तसं. बरोबर केलं हो तिने.

तर काय सांगत होते... हां, यूपी. 1996 मध्ये सदर्न पॅसिफिक शेवटी तिच्याच घरात गेली. आणि यूपीकडे रंग म्हणजे पिवळा, बाकी काही नाही. आल्यागेल्या सगळ्यांना पिवळं फासायचं. पण 2005 पासून काय वाटलं कोण जाणे, गिळलेल्या सहा घराण्यांच्या आठवणीला सहा इंजिनं त्यांच्या-त्यांच्या जुन्या रंगात काढली, आणि नंबर काय दिला? बहुतेकींना ज्या साली गिळली ते साल! सदर्न पॅसिफिकच्या इंजिनाचा नंबर 1996. लग्नाची तारीख कपाळावर कोरून फिरायची. आता लोक म्हणतात (मी म्हणत नाही), हे प्रेमापोटी नव्हतंच. आदल्याच वर्षी यूपीने खेळण्यातल्या आगगाड्या करणाऱ्यांवर दावा ठोकला होता, आमची आणि आमच्या जुन्या रेल्वेंची चिन्हं लावता तर पैसे मोजा म्हणून. मग ती चिन्हं आपण वापरतोय असं दाखवायला नको? 2006 मध्ये मिटलं ते. पण पोरांच्या खेळण्यावर दावा... जाऊ दे.

नॉरफोक सदर्न रेल्वेचं मात्र मला आवडतं. एरवी सगळी काळीकुळकुळीत इंजिनं. पण 2012 मध्ये तीस वर्षं झाली म्हणून वीस पूर्वजांचे वीस रंग काढले आणि जुलैत नॉर्थ कॅरोलायनात स्पेन्सरला सगळ्यांना एकत्र उभं करून फोटो काढला. त्यात पेन सेंट्रलसुद्धा! ती हो, 1968 ला दोन भांडकुदळ घराण्यांचं जुळवून केलेली आणि दोन वर्षांत दिवाळं काढलेली. तिचाही रंग काळाच, म्हणजे रंगवलं काय आणि न रंगवलं काय. पण फोटोत घेतलं तिला. घरातला बुडवा काका असतो ना, त्यालाही मुंजीला बोलवावंच लागतं.

हां हां, पार्सल! तेच तर सांगायला बोलावलं. ह्यांनी खेळण्यातलं इंजिन मागवलं, कोडाक्रोम. किंमत विचारू नका, मीही विचारली नाही, पावतीच पाहिली. शोकेसमध्ये 'एसपी'वालं आधीपासून होतं, कालचं आलं ते 'एसएफ'वालं. दोन्ही नाकाला नाक लावून उभी केली आणि मला हाक मारून म्हणाले, वाच. वाचलं बाई, एसपीएसएफ. खऱ्यांचं आता काही जुळायचं नाही, 'एसपी' गेली यूपीकडे आणि 'एसएफ' बीएनएसएफ नावाच्या रेल्वेकडे, एकमेकींच्या वैरिणी. पण आमच्या शोकेसमध्ये जुळलंय.

मी मात्र सकाळी धूळ पुसताना दोघींत चार बोटं अंतर ठेवलं. कमिशनने नाही म्हटलंय ना... अगंबाई, कुकरची तिसरी शिट्टी! थांबा, आले हं.