सिद्धकरभाऊ

यवतमाळच्या दत्त चौकात सकाळी कुणी सहज बोलून गेलं, "देवाच्या कृपेनं यंदा पाऊस बरा झाला," की शेजारच्या पानठेल्यावरून आवाज येतो, "सिद्ध कर!" बोलणारा बाहेरगावचा असला तर दचकून मागं पाहतो. गावातला असला तर गाडीला किक मारतो, कारण थांबला की त्याची अर्धी सकाळ गेलीच.

हे आमचे सिद्धकरभाऊ. सिद्धकर हे त्यांचं आडनाव नव्हे, पण आता ते इतकं मुरलंय की एका लग्नाची पत्रिका त्यांना ‘श्री. सिद्धकर, सहपरिवार’ अशी आली. भाऊ सहपरिवार जाऊन जेवूनही आले. खरं आडनाव मला ठाऊक आहे, पण सांगत नाही. सांगितलं तर तेही कशावरून, असं विचारतील.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी जमीन मोजणीत काढली. भावाभावांच्या भांडणात, भर उन्हात, धुऱ्यावर उभं राहून ‘हा धुरा तुझा कशावरून?’ हे विचारायचं त्यांना सरकार पगार देत होतं. निवृत्तीनंतर पगार थांबला आणि प्रश्न तेवढा उरला. धुऱ्याच्या जागी देव आला.

त्यांच्या हातातल्या पिशवीत ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ असतो. 1974 साली निघालेल्या या कोशाचे खंड तीन. रद्दीवाल्याकडे भाऊंना सापडला एकच. त्यामुळे या खंडातल्या अक्षरांचे तत्त्वज्ञ त्यांना तोंडपाठ आहेत आणि बाकीच्या अक्षरांच्या तत्त्वज्ञांविषयी त्यांचं मत फारसं चांगलं नाही. घरी ‘आजचा सुधारक’चे जुने अंक दोरीनं बांधून ठेवलेत. अमरावतीला तत्त्वज्ञान शिकवलेल्या दि. य. देशपांड्यांनी 1990 साली नागपुरातून ‘नवा सुधारक’ म्हणून सुरू केलेलं हे मासिक. देशपांडे पक्के विवेकवादी. त्यांच्या गठ्ठ्याला टेकून गुलाबराव महाराजांची पुस्तकं उभी. महाराज बालपणापासून अंध, पस्तिशीच्या आत गेले, आणि तेवढ्यात डार्विन-स्पेन्सरचाही समाचार घेऊन गेले. "दोघंही वऱ्हाडातलेच," भाऊ म्हणतात, "आपल्याले दोन्ही बाजूचा माल बाहेरून आणा लागत नाही."

वादाला वेळेचं बंधन आहे आणि ते खर्ऱ्याचं. पोरगा पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घेऊन घोटायला लागला की गिऱ्हाईक जागेवर अडकतं. भाऊंचं प्रमेय तेव्हाच सुरू होतं. डॉक्टरनं त्यांचा खर्रा बंद केला त्याला बरीच वर्षं झाली. ते आता निव्वळ वासावर आणि वादावर आहेत. ठेल्यावरच्या पोरानं मात्र यातून धंद्याचा उपयोग काढलाय. रोखीचं गिऱ्हाईक असलं की तो भराभर घोटतो. उधारीवालं असलं की सावकाश घोटतो, आणि मधेच हळूच म्हणतो, "भाऊ, यायले ते कुंभाराचं सांगा ना."

कुंभाराचं म्हणजे उदयनाचार्यांचं. हजारेक वर्षांपूर्वी मिथिलेत झालेल्या या नैयायिकानं ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वरसिद्धीसाठी जे युक्तिवाद केले, त्यातला पहिलाच असा, की घडा हे कार्य आहे, त्याला कर्ता कुंभार आहे. जग हेही कार्य आहे, म्हणून त्यालाही कर्ता हवा. समोरचा आस्तिक खूश होऊन मान डोलावतो. त्याला वाटतं, आपली सुटका झाली.

"पण थांब," भाऊ म्हणतात. "कुंभाराले म्या चाकावर पाह्यलं. जग होताना कोणं पाह्यलं? आन् विहीर एक असली तरी खंदणारे आठजण असतात. मंग देव एकच काहून?"

अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या ह्यूमनं हीच शंका जवळजवळ याच चालीनं काढली होती. ह्यूम भाऊंच्या खंडात आहे की नाही मला माहीत नाही. भाऊंनी ती धुऱ्यावरच काढली असावी.

आता कुणाला वाटेल, भाऊ नास्तिक आहेत. माझीही तशी समजूत होती, कळंबला जाईपर्यंत. नागपूरच्या रस्त्यावरचं कळंब, तिथला चिंतामणी. जमिनीखालचं देऊळ, पायऱ्या उतरून जायचं, समोर कुंड. काही वर्षांनी या कुंडाचं पाणी चढत जातं, गणपतीच्या पायाला लागतं आणि उतरतं, असं लोक सांगतात. भाऊंनी येताना मोजणीचा टेप आणला होता. पायरीपासून कुंडापर्यंत त्यांनी मापं घेतली, पुजाऱ्याला चार प्रश्न विचारले, आणि आता हे पाणी काही टिकत नाही असं आम्हाला वाटत होतं. तेवढ्यात आमच्यातला इंजिनिअरिंगचा पोरगा म्हणाला, "काही नाही काका, भूजलाची पातळी वाढते, बस."

भाऊंनी टेप गुंडाळला. "पाणी कायनं येते, हे तू सांगितलं. पायालेच लागून काहून उतरते, हे कोणं मोजलं? गुडघ्यापर्यंत काहून नाही आलं? मोजमाप आहे म्हटल्यावर मोजणारा नको का?" पोरगा गडबडला. विश्वाची मापं इतकी अचूक कशी, म्हणून कुणीतरी जुळवणारा असलाच पाहिजे, असं आजकाल मोठेमोठे लोक इंग्रजीत मांडतात. भाऊंनी ते कुंडाकाठी उभ्याउभ्या वऱ्हाडीत मांडलं, तेही अशा तळमळीनं की पुजाऱ्यानं त्यांना एक नारळ जास्तीचा दिला.

परतीच्या एस.टी.त मला उलगडा झाला. भाऊंना बाजू नाही. जी बाजू मोकळी दिसेल तिथं ते बसतात. चौकात भाविकांची गर्दी म्हणून ते तिथं चार्वाक, आणि पोरांमध्ये सगळेच चार्वाक म्हणून तिथं ते उदयनाचार्य. गावात त्यांना ओळखणारे शेकड्यांनी आहेत, पण भाऊ स्वतः देव मानतात की नाही हे खात्रीनं सांगणारा मला अजून भेटलेला नाही. एकदा मी सरळच विचारलं. ते म्हणाले, "तुझं काय आहे ते आधी सांग, मंग माझं ठरवू."

हरायला त्यांची ना नसते. उलट चांगलं हरवलं की चहा पाजतात. त्यांना सगळ्यात सुंदर हरवलं ते एका कास्तकारानं. भाऊ त्या दिवशी अन्सेल्मच्या बाजूनं होते. अकराव्या शतकातला हा ख्रिस्ती साधू म्हणतो, ज्याहून मोठं काही कल्पताच येत नाही तो ईश्वर. आता असा ईश्वर नुसता मनात असला आणि प्रत्यक्षात नसला, तर प्रत्यक्षात असणारा त्याहून मोठा ठरेल. म्हणून तो प्रत्यक्षात असलाच पाहिजे. हे ऐकून भलेभले डोकं खाजवतात. कास्तकार खर्रा तोंडात सरकवून म्हणाला, "भाऊ, ज्याच्याहून चांगला भाव कल्पताच येत नाही, असा कापसाचा भाव माह्या डोक्यात आहे. मंग तो बजारात असलाच पाह्यजे. चाला, जिनिंगवाल्याले सांगू."

अन्सेल्मच्या हयातीतच गौनिलो नावाच्या साधूनं सर्वांगसुंदर बेटाचं उदाहरण देऊन त्याला याच मुद्द्यावर अडवलं होतं. पण गौनिलोला बेट काय, नुसतं कल्पायचं होतं. आमच्या माणसाची पऱ्हाटी उभी होती. भाऊ इतके खूश झाले की त्यांनी त्याला चहाबरोबर आलूबोंडाही खिलवला, आणि पुढं महिनाभर ती गोष्ट ते स्वतःच्याच पराभवासकट सांगत राहिले.

शकुंतला हा त्यांचा आणखी एक आवडता विषय. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला जाणारी ही छोटी गाडी, 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर. आता बंद पडलीय. "रूळ आहेत, स्टेशन आहे, नाव आहे. गाडी आहे का?" यावर जुनी माणसं हळवी होतात आणि वाद बिघडतो. मग भाऊच विषय बदलतात.

ज्ञान म्हणजे काय, या वादापायी तर एका माणसाची बस गेली. चौकातल्या एका दुकानातलं घड्याळ दहा वाजून दहा मिनिटांवर बंद पडलेलं होतं. एका गृहस्थानं त्यात पाहिलं, दहा-दहा. योगायोगानं खरोखरच दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. तो दारव्ह्याची बस धरायला निघाला. भाऊंनी त्याचा खांदा धरला. "तुले वेळ माहीत होती का?" तो म्हणाला, "होती ना. दहा-दहा." "घड्याळ बंद आहे." "पण वेळ बरोबर आहे ना?" "बरोबर आहे, तुझ्यापाशी आधारही होता. पण मग माहीत होती म्हणावं का?" हे बंद घड्याळ मुळात इंग्रज तत्त्वज्ञ रसेलचं. खरा आणि साधार समज म्हणजे ज्ञान, ही जुनी व्याख्या पुढं 1963 साली गेटिअर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं अवघ्या तीन पानांत खिळखिळी केली आणि जगभरचे विद्वान अजून ती दुरुस्त करताहेत. गृहस्थानंही दुरुस्तीचा प्रयत्न केला. बस गेली, एवढं ज्ञान मात्र त्याला निःसंशय झालं.

घरी भाऊंचं चालत नाही. वहिनींची संकष्टी असते. एका श्रावणात आभाळ गच्च, चंद्र काही दिसेना. पंचांगातली चंद्रोदयाची वेळ टळून गेली. वहिनींनी ताट वाढायला घेतलं तर भाऊ दारात उभे. त्या रात्री घरात चार्वाकाची जागा मोकळी होती. "चंद्र दिसला का? प्रत्यक्ष नाही तर प्रमाण नाही. पंचांग म्हणजे नुसतं शब्दप्रमाण." वहिनी दिवसभराच्या उपाशी. त्यांनी नैवेद्य दाखवला, स्वतःचं ताट घेतलं आणि जेवायला बसल्या. भाऊ म्हणाले, "आन् माझं?"

"तुमची भूक मले कुठी दिसते?" वहिनी म्हणाल्या. "प्रत्यक्ष नाही."

दुसऱ्याच्या मनात काय आहे हे कसं कळावं, या प्रश्नावर पाश्चात्त्यांनी कपाटं भरून लिहिलंय. भाऊंनी त्या रात्री अनुमानप्रमाण मान्य केलं, तेव्हा कुठं त्यांना उकडीचा मोदक मिळाला.

एका ठिकाणी मात्र मी त्यांना ‘सिद्ध कर’ म्हणताना ऐकलं नाही. दारव्ह्याकडच्या एका खेड्यात त्यांच्या ओळखीच्या घरचा कर्ता माणूस कर्जापायी जीव देऊन गेला. आमच्या जिल्ह्यात हे नवीन नाही. ओसरीवर कुणीतरी म्हणालं, "देवाची मर्जी." देव दयाळू आणि सर्वशक्तिमान, तर हे का, हा सगळ्यात जुना प्रश्न, आणि भाऊंच्या कोशात त्याला पानं असणार. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते मयताच्या पोराला विचारत होते, सातबारा कोणाच्या नावावर आहे, सोसायटीचं कर्ज किती, बँकेचा कागद कुठं आहे. कारण सरकारची एक लाखाची मदत मिळायची तर शेती होती, कर्ज होतं, ते फिटत नव्हतं, हे सगळं कागदावर दाखवावं लागतं, आणि मग जिल्ह्याची समिती ते मरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. त्या घरासाठी भाऊ पुढचे कित्येक दिवस तहसिलीत खेटे घालत होते. पानठेल्यावर त्यांनी याचा विषय काढला नाही, आणि दुसऱ्या कुणी काढला तर ते घरी जायचे.

त्यांचे खरे जोडीदार म्हणजे शेजारचे काकाजी. महानुभाव पंथाचे. भेटले की ‘दंडवत प्रणाम’ म्हणतात आणि लगेच भाऊंच्या प्रश्नातच खोट काढतात. "देव आहे का म्हणजे कोणता देव? देवता की परमेश्वर?" महानुभावांच्या मते जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार वेगवेगळे, चारही अनादी. देवता कितीही असल्या तरी परमेश्वर त्याहून निराळा, आणि मोक्ष देणारा तो एकटाच. भाऊंनी देवाविरुद्ध काहीही काढलं की काकाजी शांतपणे म्हणतात, "हे देवतांले लागू आहे. परमेश्वराले नाही. पुढं चाला." सातशे-आठशे वर्षांच्या सरावापुढं भाऊंची एका खंडाची तयारी तोकडी पडते, आणि म्हणूनच काकाजी दिसले नाहीत तर त्यांची सकाळ सुनी जाते.

यंदा काकाजींना मुलानं पुण्याला नेलं, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. चौकातले म्हणाले, आता भाऊ सुकणार. पण भाऊंनी तोड काढली. रोज सकाळी ठेल्यावरून ते काकाजींना फोन लावतात, स्पीकर चालू करतात आणि फोन चुन्याच्या डबीला टेकवून ठेवतात. परवा असाच वाद रंगला होता. भाऊ म्हणत होते, परमेश्वर वेगळा काढायची गरजच काय, आणि काकाजी उत्तराला सुरुवात करणार तोच आवाज तुटला. "हॅलो, आहे का? आहे का?" भाऊ ओरडले. रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईनं पदर सावरून देवळाकडे पाहून हात जोडले.

फोन मुकाच. भाऊंनी इकडं तिकडं पाहिलं. ठेल्यावर मी, घोटणारा पोरगा आणि एक उधारीवाला. काकाजींची बाजू रिकामी पडलेली. भाऊंना ते बघवलं नाही. घसा खाकरून त्यांनी सुरुवात केली, जीव वेगळा का, देवता अपुऱ्या का, परमेश्वराशिवाय गाडं का अडतं, सगळं मुद्देसूद, काकाजींच्याच शब्दांत, आणि मला वाटतं काकाजींपेक्षा थोडं बरंच. स्वतःचे मघाचे मुद्दे त्यांनी एकेक करून पार झोपवले. उधारीवालाही पुडी हातात घेऊन ऐकत राहिला.

मधेच केव्हातरी फोन जोडला गेला होता. चुन्याच्या डबीवरून, पुण्याहून, काकाजींचा आवाज येत होता, "अहो भाऊ! भाऊ, थांबा! ती बाजू माही आहे ना!"