जाहिरातपत्रकाची जहागिरी

महाविद्यालयीन गीतचित्रफितीच्या संकलनाचा पहिला दंडक असा की, नायकाने केस मागे सारण्याची क्रिया सेकंदाला १२० चौकटींनी टिपून २४ चौकटींच्या गतीने दाखवावी, म्हणजे मूळची एका सेकंदाची ती घटना पाचपट लांबते आणि कथानकाच्या अभावाची परस्पर भरपाई होते. ओठ गाण्याच्या मागे पडले, तर त्या जागी ड्रोनने टिपलेला एखादा गड डकवावा. परवाना कोणाचा घेतला, हे विचारणे असभ्यपणाचे. खरी दौलत मात्र जाहिरातपत्रकावर खर्ची पडते. यूट्यूबवरील १२८० बाय ७२० ठिपक्यांच्या त्या इवल्याशा जहागिरीत दिग्दर्शक, सहदिग्दर्शक, त्यांचे सहायक, 'विशेष आभारां'चे मानकरी मामा आणि कॅमेऱ्याची बॅटरी उसनी देणारा मित्र, अशा सर्वांना मानमरातबासह बसवावे लागते. गायिकेचे नाव, जागाच शिल्लक न राहिल्यामुळे, 'इतर' या सदरी दाखल होते.