टिंबराव, आमचं घर परत द्या

श्रीयुत टिंबराव यांस,


तुमचं खरं नाव मला ठाऊक नाही. नगर भूमापन कार्यालयात विचारलं, तर तिथेही कोणाला ठाऊक नव्हतं. ‘ते काम एजन्सीला दिलं होतं, त्यांची पोरं टाइप करून गेली,’ एवढंच कळलं. म्हणून बारसं मीच उरकलं. आमच्या मालमत्ता पत्रकात तुमची स्वतःची अशी भर म्हणजे ते एक टिंब. दुसरं कुठलं नाव शोभलं असतं?

आठवत नसेल तर सांगतो. आमच्या आजोबांनी घेतलेली जागा १०० चौरस यार्ड. पुढे मीटर आले, तेव्हा कोण्या कारकुनाने यार्डांवर रेघ मारून शेजारी लाल शाईने ८३.६ लिहिलं आणि खाली सही ठोकली. ते पत्रक पिवळं पडलं, घडीवर फाटलं, त्याला चिकटपट्टी लागली, पण आकडा जागचा हलला नाही. तुम्ही तो संगणकात घेतलात आणि टिंब एक घर डावीकडे सरकलं. ८.३६ चौरस मीटर. म्हणजे ९० चौरस फूट. नऊ बाय दहा. माप ऐकताच आई म्हणाली, ‘अगं बाई, म्हणजे आपलं स्वयंपाकघरच की!’ तेव्हापासून सरकारदरबारी आम्ही सहाजण ओट्याच्या आजूबाजूला राहतो.

तुमचं कौतुकच करायला हवं. शेजाऱ्यांनी सामाईक भिंत आमच्याकडे सरकवण्यासाठी दोन पिढ्या घालवल्या, वीतभरही जमलं नाही. बिल्डर तीनदा पेढे घेऊन येऊन गेला, त्याच्या हाती काही लागलं नाही. तुम्ही एका बोटाने ८१० चौरस फूट काढून घेतलेत, तेही चहा न मागता.

आम्हाला कळलं ते बँकेमुळे. वरच्या मजल्याचं छप्पर गळतं, म्हणून कर्ज मागितलं. बँकेच्या वकिलांनी पत्रक पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. ‘एवढ्या जागेवर दुमजली घर उभं कसं?’ मी म्हटलं, घर येऊन बघा. ते म्हणाले, घराचं काय करू, उतारा दाखवा. महापालिकेला मात्र असला प्रश्न पडत नाही. तिच्या घरपट्टीच्या बिलात आमचं घर अख्खं आहे, वरच्या गळक्या खोलीसकट.

मग सुरू झाल्या खेपा. पहिल्या खेपेला सर्व्हर डाउन. दुसऱ्या खेपेला ‘अर्ज ऑनलाइन करा’. तिसऱ्या खेपेला ‘ऑनलाइन केलात ना, आता प्रिंट काढून समक्ष आणून द्या’. हे चालायचंच, त्याबद्दल तक्रार नाही. चौथ्या खेपेला मी ते चिकटपट्टीवालं पत्रक टेबलावर ठेवलं. बाईंनी ते बोटानेच परत सरकवलं. ‘हस्तलिखित आता चालत नाही काका. ऑनलाइन दिसतं तेच खरं.’ बरं, मग दुरुस्ती कशी करायची? ‘महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली अर्ज करा, लेखनप्रमाद म्हणून. पुरावा जोडा.’ पुरावा कोणता? ‘जुनं हस्तलिखित पत्रक. पण हे नाही, रेकॉर्ड रूममधली प्रमाणित नक्कल लागेल. आणि चौकशी नोंदवहीचा उतारा.’

म्हणजे बघा टिंबराव. जे चालत नाही, तेच मी त्यांच्याच रेकॉर्ड रूममधून, त्यांनाच नकलेची फी भरून काढायचं आणि पलीकडच्या त्यांच्याच टेबलावर नेऊन द्यायचं. मधलं अंतर पंधरा पावलांचं. शपथपत्र वेगळं.

शिवाय कायदा सांगतो की अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. कलम १५७. तुमचं टिंब कायद्याने खरं आहे, टिंबराव! खोटे आहोत आम्ही, जिन्यासकट. ज्यांनी शंकू-साखळ्या, प्लेन टेबलं खांद्यावर घेऊन उन्हातान्हात ही गावं मोजली, त्यांच्या आकड्याला हात लावायला पूर्वी लाल शाई आणि सही लागायची. तुम्हाला काहीच लागलं नाही.

पण खरा राग तुमच्यावर नाहीच. तुमच्या पत्रकावर खाली डिजिटल स्वाक्षरी आहे, हिरवी बरोबरची खूण आहे. ती कोणी केली? दुमजली घराला नऊ बाय दहाची जमीन, हे बघून एकालाही शंका येऊ नये? की बघितलंच नाही? सातबारे संगणकात गेले, तेव्हा २०१७ साली गावोगाव चावडी वाचन तरी झालं. उतारे लोकांपुढे वाचून दाखवले, चुका लोकांनीच दाखवल्या. आमच्या पेठेत कोण आलं वाचायला? आमचं कार्ड आम्हाला न दाखवताच खरं करून टाकलं, आणि आता ते खोटं ठरवण्याचा खर्च आमच्या गळ्यात! याला आधुनिकीकरण म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने ‘नक्शा’ योजना आणली, देशातल्या १५२ नागरी स्वराज्य संस्थांच्या हद्दी आकाशातून मोजायच्या. मोजा. आकाशातून आमचं छप्पर नक्की दिसेल, भोकंसुद्धा दिसतील. फक्त तो आकडा टाइप झाल्यावर कोणीतरी एकदा मोठ्याने वाचा.

पाचव्या खेपेला रेकॉर्ड रूममध्ये बसलो होतो. एक ट्यूबलाइट, तीही फडफडणारी. शिपायाने गठ्ठा सोडला तशी धूळ उडाली, मला शिंका सुरू झाल्या. आमचं मूळ पत्रक निघालं. ८३ आणि ६ यांच्या मधलं टिंब शाईचं होतं खरं, पण ८ आणि ३ यांच्या मध्येही एक ठिपका होता. झुरळाचा असावा. चष्मा लावूनही मला पटकन ठरवता येईना. तुम्ही तर दिवसाला किती कार्डं उरकत असाल, देव जाणे. कार्डामागे चार-दोन रुपये मिळत असतील, एजन्सीचा मुकादम मागे उभा असेल, ‘उरक, उरक’ म्हणत. चौरस यार्ड म्हणजे काय, ते तुम्हाला कोणी सांगितलंही नसेल. तुमच्या जागी मी असतो, तर मीही झुरळावरच विश्वास ठेवला असता.

तर आता कामाचं. सुनावणी येत्या मंगळवारी, अकरा वाजता आहे. साहेबांकडे दोन तालुक्यांचा कारभार आहे, ते आले तर होईल. तुम्ही या. टिंब कुठून आलं एवढंच त्यांना सांगा. जाण्यायेण्याचं भाडं मी देतो. दुपारचं जेवण आमच्याकडे करा, घर पेठेत विचारलंत तर कोणीही दाखवेल.

आपला,
९० चौरस फुटांचा धनी