प्रतीक्षा यादीतून सप्रेम

प्रति,
माननीय कार्यवाह साहेब

(ट्रस्टचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दान गुप्त असावं, असं आपण दर वर्धापनदिनाला सांगता. माईकवरून.)

विषय : अल्प भाड्याच्या खोलीसाठी केलेल्या अर्जाबाबत आभारप्रदर्शन.

महोदय,

सविनय नमस्कार विनंती विशेष.

आभार म्हणजे खोली मिळाली, असा आपला गैरसमज होऊ नये. खोली मिळालेली नाही. पण आपल्याकडून मला इतर इतकं काही मिळालं आहे की ते सगळं ठेवायचं तर एक खोली लागेल.

पहिले आभार अर्जाच्या कागदाचे. हा कागद फक्त आपल्या कार्यालयात, फक्त मंगळवारी, दुपारी चार ते पाच मिळतो, आणि तो देणारे काका साडेचारला चहाला जातात. म्हाडाने सोडतीचा कारभार ऑनलाइन केला. अर्ज घरबसल्या, यादी चारचौघांना दिसेल अशी, नंबर लागला नाही तर अनामत खात्यात परत. सगळं कसं कोरडं! आपण जिव्हाळा जपलात. मी याच भागात कामाला आहे, म्हणून मालकाची विनवणी करून धावत तरी येते. रांगेतल्या बाकीच्या बायका बदलापूरहून, विरारहून येतात, अर्ध्या दिवसाचा पगार सोडून. इथे त्यांची एकमेकींशी ओळख होते. ट्रस्टने आजवर केलेलं सर्वांत भरीव समाजकार्य हेच असावं.

अर्जासोबत जी रक्कम रोख घेतली जाते तिला पावतीवर आपण ‘ऐच्छिक देणगी’ म्हणता, हेही मनाला भावलं. मी एकदा इच्छा नाही म्हणून पाहिलं. काकांनी अर्ज परत खणात ठेवला.

आता अटींकडे वळते. त्या कुणी लिहिल्या ठाऊक नाही, पण त्यांच्या हाताला सोन्याचं कडं चढवायला हवं. अट पहिली : अर्जदाराच्या नावे मुंबईत घर नसावे. मान्य. अट दुसरी : अर्जदार गिरगाव परिसरात सलग १५ वर्षे राहत असल्याचा पुरावा जोडावा, लाइट बिल असल्यास उत्तम.

साहेब, माझा जन्म गिरगावातला. वडील पोटभाडेकरू होते. इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा भाडेकरूंची यादी झाली, मालकाची झाली, पोटभाडेकरूंची काही झाली नाही. आम्ही भांड्यांची पोती टेम्पोत टाकली आणि नालासोपारा गाठलं. तेव्हापासून अकरा महिन्यांचा करार, मग दुसरा मालक, दुसरा दलाल, दुसरी दलाली. लाइट बिल मालकाच्या नावावर. गॅसचं पुस्तक अजून मामांच्या पत्त्यावर. घरमालकाकडे राहत असल्याचं साधं पत्र मागितलं तर ही बाई खोलीवर हक्क सांगणार अशी त्याला शंका आली, आणि पुढचा करार झालाच नाही.

थोडक्यात, गिरगावात सलग १५ वर्षं स्वतःच्या नावाच्या लाइट बिलासह राहणारा, तरीही बेघर, असा गरीब आपल्याला हवा आहे. सापडला की कळवावं. मीही दर्शनाला येईन.

गरीब किती असावा, यावरही आपला विचार फार खोल आहे. शिधापत्रिका केशरी हवी. म्हणजे सरकारी हिशेबात वर्षाचं कुटुंबाचं उत्पन्न १ लाखाच्या आत. मुंबई महानगर प्रदेशात म्हाडाच्या अत्यल्प उत्पन्न गटाची मर्यादा ६ लाखांवर गेली आहे, तेव्हा आपली गरिबीची कसोटी म्हाडापेक्षा कितीतरी पट शुद्ध. पण मुलाखतीत मात्र विचारलं गेलं की खोली मिळाल्यास इमारत निधीला २ लाख एकरकमी देता येतील का. मी ‘नाही’ म्हटलं तेव्हा डाव्या हाताचे विश्वस्त म्हणाले, मग भाडं कसं भरणार? ‘हो, कर्ज काढून देईन,’ म्हटलं असतं तर उजव्या हाताचे म्हणाले असते, मग ही गरजू कशी? या दोन खुर्च्यांच्या मध्ये आपण बसला होता, आणि दोघांकडे पाहून सारखीच मान डोलवत होता. इतका समतोल मी फार थोड्या माणसांत पाहिला.

त्याच मुलाखतीत एका विश्वस्तांनी कोकम सरबताचा घोट घेत विचारलं होतं, “तिकडे वसईच्या पुढे हवा छान असते ना?” होय, छान असते. मी ती पहाटे पाच अठ्ठावीसच्या लोकलच्या दारात खाते.

कागदपत्रांच्या बाबतीत आपण मला तहसील कार्यालयाची जणू माहेरवाशीण करून टाकलंत. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंत चालतो, हे आपल्यासारख्या अनुभवी माणसाला मी काय सांगावं. निवड समिती बसते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. दाखला शिळा, म्हणून अर्ज अपूर्ण. नवा दाखला आणेपर्यंत समिती उठलेली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. कॅलेंडरचा असा उपयोग पंचांगकर्त्यांनाही सुचला नसता. बैठक मार्चमध्ये घ्या, असं एकदा नम्रपणे सुचवलं, तर आपण म्हणालात, “मार्चमध्ये ऑडिट असतं, ताई.” हिशेब आधी, माणसं नंतर. धर्मादायाचा पाया पक्का आहे.

गृहभेटीचे आभार मात्र हात जोडून मानते. समितीच्या एक बाई आमच्याकडे आल्या. गरीब प्रत्यक्ष कसे राहतात, हे पाहणं आवश्यकच. त्यांनी पलंगाची गादी दाबून पाहिली. पंखे मोजले. मग फ्रीज उघडला. आत लिंबाची अर्धी फोड, वरणाचं पातेलं आणि दाराच्या कप्प्यात आईच्या इन्सुलिनच्या कुप्या. त्या कुप्या उष्णतेत टिकत नाहीत, म्हणून तर तो जुना फ्रीज हप्त्यांवर घेतला. बाईंनी दार लावलं, वहीत काहीतरी लिहिलं. पुढे कार्यालयात माझी फाईल काकांच्या टेबलावर उघडी पडली होती तेव्हा मी ते उलट्या बाजूने वाचलं : “घरात फ्रीज. परिस्थिती बरी.” फ्रीजमध्ये काय होतं, याला फॉर्मवर रकाना नाही.

आता थोडं आपल्या वास्तूबद्दल. आवारात शिरताना उजवीकडे संगमरवरी पाटी आहे, ती मी प्रत्येक वेळी वाचते, कारण रांग तिथूनच सुरू होते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. कोंदट, अंधाऱ्या खोल्यांतली माणसं पटापट मेली. दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, सरकारने शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. पुढे १९२० च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या, १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या. त्याच जमान्यातल्या आपल्या दात्याने स्वतःची जागा देऊन ही चाळ बांधली, आणि पाटीवर एकच अपेक्षा कोरली : भाडे गरिबास झेपेल इतकेच घ्यावे. बिचारे साधे गृहस्थ. गरिबाला आत घ्यावे, हेही कोरायला लागेल असं त्यांना वाटलं नसावं.

मागच्या दिवाळीआधी चाळीला रंग लागला. छान फिकट हिरवा. दुसऱ्या मजल्यावरच्या बंद खोल्यांच्या दारांना रंग देताना रंगाऱ्याने कुलपांवरूनही ब्रश फिरवला आहे. कडी, कोयंडा, कुलूप, किल्लीचं भोक, सगळं एकजीव हिरवं. ही कुलपं आता उघडायची तर किल्ली नाही, छिन्नी लागेल. खोल्या रिकाम्या असल्या की पुनर्विकासात विकासकाला सोपं जातं, असं चाळीतले लोक म्हणतात. मी म्हणत नाही. मी अर्जदार आहे.

आणि सगळ्याच खोल्या बंद आहेत असंही नाही. तळमजल्यावर जिन्याखालच्या दोन खोल्या एका मंडपवाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांना दिल्या आहेत. पाचपन्नास खुर्च्या एकमेकींच्या मांडीवर बसून तिथे सुखाने नांदतात. त्यांना लाइट बिल मागितलं होतं का, हे विचारण्याचं धाडस मी करणार नाही. विश्वस्त संस्थेची इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०, कलम ३६. त्यामुळे आपण खुर्च्यांशी अकरा-अकरा महिन्यांचे करार करत आला आहात, असं चाळीत सगळ्यांना ठाऊक आहे. करार तोच, साहेब. त्या करारावर मी दर खेपेला घराबाहेर पडते आणि खुर्च्या आत राहतात.

इथवर सगळं सोसलं असतं. गरजूने सोसायचं असतं, म्हणून तर त्याला गरजू म्हणतात. पण आपण माझ्यावर आणखी एक उपकार केलात, त्याची आपल्याला कल्पना नसेल.

मी जिथे काम करते तो छापखाना आहे, आणि मी तिथे प्रूफं वाचते. ट्रस्टचा वार्षिक अहवाल यंदा आमच्याकडे छपाईला आला. ‘आर्थीक’ची वेलांटी ऱ्हस्व करत करत मी नवव्या पानावर पोहोचले. तिथे लिहिलं होतं की ट्रस्टकडे शेकडो गरजू कुटुंबांचे अर्ज प्रलंबित आहेत, यावरून कार्याची निकड ध्यानी येईल, तरी दानशूरांनी सढळ हाताने देणगी द्यावी, करसवलत उपलब्ध. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी इतकी वर्षं समजत होते की माझा अर्ज पडून आहे. तो पडून नव्हता, कामाला लागला होता! आम्हाला खोल्या दिल्या असत्या तर यादी आटली असती, यादी आटली तर निकड संपली असती, आणि निकड संपल्यावर देणगीदारासमोर काय ठेवायचं? रिकाम्या खोलीला विकासक आहे, भरलेल्या यादीला देणगीदार. यात अडचण फक्त एकच व्यक्ती करू शकते, खोलीत राहायला आलेली.

आणि अकराव्या पानावर मी स्वतः होते. अर्जवाटपाच्या दिवशीचा फोटो. आपण कॅमेऱ्याकडे पाहून हसताहात, माझा चेहरा अर्धा दिसतो, हातात ऐच्छिक देणगीची पावती. खाली ओळ : “ट्रस्टच्या गृहयोजनेच्या लाभार्थी भगिनी.”

लाभार्थी! प्रूफ वाचणाऱ्याला मजकूर बदलण्याचा अधिकार नसतो, म्हणून हात आवरला. शिवाय आमच्या मालकांनी नियमाप्रमाणे अंतिम प्रत आपल्याकडे पाठवली होती, आणि प्रत्येक पानावर ‘छापण्यास हरकत नाही’ म्हणून आपली सही आहे. अकराव्यावरही.

मग संध्याकाळी, उत्सुकता म्हणून, एका वकिलीण मैत्रिणीकडे तो १९५० चा कायदा चाळला. ट्रस्टच्या कारभारात हितसंबंध असलेली व्यक्ती कोण, याची त्यात व्याख्या आहे. आपल्यासारख्या ट्रस्टच्या बाबतीत त्या व्याख्येत दोघेच बसतात. एक विश्वस्त. दुसरा लाभार्थी. नुसता अर्जदार त्यात कुठे नाही. उद्या मी तक्रार केली असती तर बाई तुमचा संबंध काय, हा पहिला प्रश्न आला असता, आणि रास्त आला असता. माझा संबंध आपण आर्ट पेपरवर, चार रंगांत छापून दिलात. कोणत्या तोंडाने आभार मानू?

तेव्हा महोदय, लाभाचा हा पहिलाच हप्ता मी वापरायला काढला आहे. वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ट्रस्टच्या नोंदणीच्या आणि हिशेबपत्रकांच्या प्रमाणित नकलांसाठी अर्ज केला आहे. सोबत एक तक्रार आहे : खोल्या कोणाकडे, किती मुदतीने, किती भाड्याने, आणि बंद खोल्या बंद का. पुरावा म्हणून अहवालाचं अकरावं पान जोडलं आहे. मला तिथे लाइट बिल मागितलं नाही.

चौकशी आलीच तर आपण घाबरून जाऊ नये. मंगळवारी चार ते पाच या वेळात त्यांना कार्यालयात बोलवावं. काकांना मात्र तेवढा एक दिवस चहा जागेवरच मागवून द्यावा.

आपले चिरंजीव भाचे तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या खोलीत स्थिरस्थावर झाले असतील. त्यांना आशीर्वाद. त्यांच्या केशरी शिधापत्रिकेची एक झेरॉक्स तयार ठेवावी, इतकंच.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपली नम्र,
लाभार्थी भगिनी (पान ११)

ता. क. : पुढच्या वर्षीच्या अहवालाचं काम कृपया आमच्याच छापखान्याला द्यावं. मालकांना मी दर कमी लावायला सांगेन. प्रूफं मीच वाचणार आहे.