गुपित, तेही पाडव्याच्या मुहूर्तावर

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. गुढ्या उतरून झाल्या होत्या, श्रीखंड-पुरी अंगावर आली होती, आणि पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आभाळातून पेटत्या ठिणग्यांची रांग सरकत गेली. ती विझायच्या आत निदानं तयार: उल्का, कोसळलेलं विमान, आणि सर्वांत लाडकं म्हणजे लष्कराची गुप्त क्षेपणास्त्र चाचणी. हे शेवटचं सांगणाऱ्याचा मेहुणा हटकून ‘डिफेन्स’मध्ये असतो, निदान कॅन्टीनचं कार्ड तरी बाळगून असतो.

आता चाचणी गुप्तच करायची, तर ऐन सणाच्या शनिवारी, अख्खा गाव अंगणात असताना, तीन राज्यांना दिसेल अशी करावी, हे सेनापतींना कोणी बरं सुचवलं असेल? खऱ्या चाचण्या बिचाऱ्या रीतसर होतात. १५ डिसेंबर २०२२ च्या रात्री अग्नी-५ उडालं, त्याआधी बंगालच्या उपसागरावरचा हवाई टापू टाळा, अशी सूचना वैमानिकांना जाऊन बसली होती.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीत तर पुरावा थेट वरूनच पडला: दहाएक फूट व्यासाचं धातूचं कडं. ते सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात नेऊन ठेवलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी चांग झेंग ३बी रॉकेटचा हा उरलासुरला भाग असावा, असं खगोलतज्ज्ञांनी सांगितलं. थोडक्यात, वर्षभर घिरट्या घालून आलेलं शेजाऱ्याचं भंगार.

मेहुण्याच्या पार्टीला ते पटलं नाही. “चिनी आहे म्हणतायत ना? मग समजून घ्या!”