सूनेस साहेबांचा फोन

ग्रॅम सूनेस खेळायचा तेव्हा समोरचे चेंडूपेक्षा त्याच्या बुटांवर जास्त नजर ठेवून असत. एडिंबरोच्या या मिशाळ गड्याने लिव्हरपूलच्या मधल्या फळीत राहून पाच लीग विजेतेपदं आणि तीन युरोपियन कप जिंकले. पास देखणा, टॅकल आडदांड. मैदानात अशा माणसाला आवरायला शिट्टीवाला पंच असतो. प्रशिक्षकाच्या बाकावर कोण आवरणार?

१९८६ मध्ये ग्लासगोच्या रेंजर्सने त्याला खेळाडू आणि व्यवस्थापक अशा दोन्ही टोप्या घातल्या. हिबर्नियनविरुद्धच्या पहिल्याच लीग सामन्यात साहेब लाल कार्ड घेऊन बाहेर! संघाला शिस्त लावायला आले होते म्हणे. पण त्याच मोसमात रेंजर्सने नऊ वर्षांनी लीग जिंकली, त्यामुळे सगळं माफ.

१९८९ मध्ये त्याने मो जॉन्स्टनला घेतलं. जॉन्स्टन कॅथलिक, त्यात सेल्टिकचा माजी स्ट्रायकर. रेंजर्स पडला प्रोटेस्टंटांचा बालेकिल्ला. असा नावाजलेला कॅथलिक खेळाडू तिथे उघडपणे घेण्याची हिंमत दशकानुदशकं कुणी केली नव्हती. काही चाहत्यांनी मफलर जाळले. सूनेस ढिम्म. हेकटपणा असा कामी आलेला क्वचितच दिसतो.

पुढे मात्र तोच हेकटपणा अंगाशी आला. १९९१ मध्ये लिव्हरपूलला परतला, जुनी मंडळी भराभर विकली. १९९२ मध्ये हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि त्याची कहाणी त्याने दिली कुणाला? ‘द सन’ला! हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत गेलेल्या लिव्हरपूल चाहत्यांवर चिखलफेक केली म्हणून सगळं शहर ज्या पेपरवर थुंकत होतं, त्यालाच. मजकूर छापून आला १५ एप्रिलला, दुर्घटनेच्या तिसऱ्या स्मृतिदिनी. महिन्याभरात एफए कप जिंकला, तरी शहराचं मन फिरलं ते फिरलंच.

मग इस्तंबूल. १९९६ मध्ये त्याच्या गालातासारायने कट्टर प्रतिस्पर्धी फेनरबाचेच्या घरात तुर्की कप जिंकला, तर हा गडी मैदानाच्या मधोमध आपल्या क्लबचा झेंडा रोवून मोकळा. दंगल व्हायचीच बाकी होती. गालातासारायवाल्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. मोसम संपल्यावर क्लबने निरोपही दिला.

आता तो प्रसिद्ध फोन. सूनेस साउदॅम्प्टनला असताना एका ‘जॉर्ज वेआ’ने अली दिया नावाच्या खेळाडूची शिफारस केली. वेआ म्हणजे १९९५ चा जगातला सर्वोत्तम खेळाडू. उलट फोन करून खातरजमा? छे! चाचणीचा सामना पावसात वाहून गेला, तरी महिन्याभराचा करार झाला. नोव्हेंबरात लीड्सविरुद्ध संघाचा हुकमी खेळाडू ल टिसिए जखमी झाला आणि दिया प्रीमियर लीगमध्ये उतरला. त्याची धावपळ बघून प्रेक्षक गोंधळले. बदली आलेल्याचीच बदली करावी लागली. फोन अर्थातच वेआचा नव्हता. वशिला निदान खरा तरी असावा!

टीव्हीवर बसून हेच साहेब पुढे पॉल पोग्बाला मधल्या फळीतली जबाबदारी शिकवत राहिले. २०२३ मध्ये, वयाच्या सत्तरीत, पोहणाऱ्यांच्या चमूबरोबर त्यांनी इंग्लिश खाडी पार केली आणि त्वचेच्या एका दुर्धर आजारासाठी दहा लाख पौंडांहून जास्त निधी उभा राहिला. माणूस दिलदार, यात वाद नाही. व्यवस्थापक म्हणून दहापैकी पाच गुण. जॉन्स्टनसाठी एक जादा.