श्रीखंडाला सुई

मराठी पंगतीत ‘पुरे’ म्हणण्याचा हक्क सगळ्यांना आहे. ते ऐकून घेण्याचं बंधन मात्र कुणावरच नाही. पाहुण्यानं पानावर दोन्ही हात आडवे धरावेत, वाढणाऱ्यानं बोटांच्या फटीतून जिलबी सोडावी, ‘अहो, एकानं काय होतंय’ म्हणावं आणि पुढच्या पानाकडे सरकावं. पूर्वीच्या लग्नांत जिलब्यांच्या पैजा लागत. पैज जिंकणाऱ्याचं नाव गावाच्या लक्षात नवरदेवापेक्षा जास्त दिवस राही.

शरीराच्या आतही असंच चालतं. जेवण आतड्यात उतरलं की तिथल्या काही पेशी जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सोडतात. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, जठराला सावकाश रिकामं हो म्हणतं आणि मेंदूला कळवतं की आता पुरे. पण शरीरातलंच एक विकर या निरोप्याला दोनेक मिनिटांत संपवतं. पंगतीतला ‘पुरे’ही साधारण तेवढाच टिकतो.

हा निरोप जास्त वेळ टिकवायचा कसा, याचा धागा एका सरपटणाऱ्या प्राण्याच्या तोंडात सापडला. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा विषारी, सुस्त सरडा राहतो. वर्षातून मोजक्या वेळा जेवून तो मजेत जगतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. जॉन एंग यांना १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला या सरड्याच्या विषात जीएलपी-१शी मिळतंजुळतं, पण लवकर न विरघळणारं एक द्रव्य मिळालं. त्यावरून तयार झालेलं मधुमेहाचं औषध २००५ साली अमेरिकेत बाजारात आलं. घोरपडीनं सिंहगडाचा कडा चढवून दिल्याची दंतकथा आपल्याकडे आहे. इथे तिच्या एका लांबच्या नातेवाइकानं वजन उतरवण्याची वाट दाखवली.

पुढची मजल डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीनं मारली. तिचं सेमाग्लुटाइड दोन मिनिटांत संपत नाही. आठवडा उलटला तरी त्यातलं जवळजवळ निम्मं रक्तात शिल्लक असतं. म्हणून आठवड्यातून एकच सुई पुरते. हेच औषध मधुमेहासाठी ‘ओझेम्पिक’ या नावानं २०१७ साली अमेरिकेत मंजूर झालं आणि वजनासाठी ‘वेगोव्ही’ या नावानं २०२१ साली. वेगोव्हीच्या मोठ्या चाचणीत १,९६१ माणसं होती. ६८ आठवड्यांनंतर सुई घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं आणि नुसत्या पाण्याची सुई घेणाऱ्यांचं २.४ टक्के. भारतात आधी आलं ‘मौंजारो’, मार्च २०२५मध्ये. ते एकाऐवजी दोन संप्रेरकांची नक्कल करतं. जूनमध्ये वेगोव्ही आलं. तेव्हापासून मॉर्निंग वॉकला निघालेल्या मंडळींच्या गप्पांत गुडघ्यांच्या जोडीला हा नवा विषय आला आहे. कोण घेतंय, कुणाची कॉलर सैल झाली आणि ‘मी नुसतं चालून कमी केलं’ असं सांगणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा, यावर बाकं तापतात.

वजनाचे आकडे मात्र अर्धीच गोष्ट सांगतात. खरी गंमत गोडाची आहे.

पोट तुडुंब भरलं तरी गोडासाठी वेगळा कप्पा असतो, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात आणि म्हणणारा लगेच बासुंदीची वाटी पुढे करतो. हा निव्वळ बहाणा नाही. जर्मनीतल्या कोलोन शहरातल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०२५ साली तो कप्पा शोधून काढला. तो पोटात नाही, मेंदूत आहे. पोट भरल्याचं कळवणाऱ्या ज्या चेतापेशी आहेत, नेमक्या त्याच पेशी साखर समोर दिसताच शरीरातलं अफूसारखं एक द्रव्य सोडतात आणि पोटभर जेवलेला उंदीर पुन्हा साखरेकडे वळतो. हा अफूचा मार्ग औषधानं अडवला की जेवलेले उंदीर साखर खायचे थांबले. उपाशी उंदरांवर मात्र काहीच फरक पडला नाही. माणसांना नळीतून साखरेचं पाणी दिलं, तेव्हा त्यांच्या मेंदूचा तोच भाग जागा झाला. थोडक्यात, ‘पुरे’ म्हणणारा आणि ‘बरं, एक वाढा’ म्हणणारा एकच इसम आहे. कुठल्याही मराठी यजमानाला हे सांगायला जर्मनीहून कुणी येण्याची गरज नव्हती.

सुई या इसमालाच गाठते. जीएलपी-१ला प्रतिसाद देणारी ठिकाणं मेंदूत भुकेच्या केंद्रात तर आहेतच, बक्षिसाचा आनंद देणाऱ्या भागांतही आहेत. त्यामुळे सुई घेणारे लोक जे सांगतात ते भूक कमी झाल्यापेक्षा वेगळं असतं. दुपारी चारला फ्रीजमधल्या पेढ्यांच्या पुड्याची जी आठवण व्हायची, ती होत नाही. डोक्यात दिवसभर खाण्याची जी कुजबुज चालायची, ती बंद पडते. इंग्रजीत याला ‘फूड नॉइज’ असं नाव पडलं आहे. अनेकांना ती कुजबुज होती, हे ती थांबल्यावरच कळतं. इंग्लंडमधल्या लीड्स इथल्या संशोधकांनी लठ्ठपणा असलेल्या ३० जणांना बारा आठवडे सेमाग्लुटाइड देऊन मग मनसोक्त जेवू दिलं. त्यांच्या पोटात दिवसभरात २४ टक्के कमी उष्मांक गेले. खाण्याची तल्लफ घटली आणि तुपट, भरगच्च पदार्थांची ओढही ओसरली. आता तुपट आणि भरगच्च म्हटल्यावर तुपाची धार सोडलेली पुरणपोळी आठवली नाही, तर वाचकाला आधीच सुई बसलेली असणार.

जिभेचाही एक भाग आहे. स्लोव्हेनियातल्या लुब्लियाना इथे लठ्ठपणा असलेल्या ३० स्त्रियांना सोळा आठवडे सुई किंवा तिची नक्कल देऊन त्यांची चव तपासली. सुई घेतलेल्यांची जीभ जास्त तल्लख निघाली आणि जिभेवर गोड थेंब पडताच त्यांच्या मेंदूचा प्रतिसादही बदललेला दिसला. २०२५ साली व्हिएन्नाच्या मधुमेह परिषदेत मांडलेल्या पाहणीत ही औषधं घेणाऱ्या ४११ जणांना विचारलं होतं. त्यांतल्या साधारण पाचातल्या एकाला पदार्थ पूर्वीपेक्षा गोड लागत होते आणि तितक्याच लोकांना खारट.

यातून घरोघरी जे प्रसंग ओढवतील, त्यांची त्या परिषदेत चर्चा झालेली नसावी. वर्षानुवर्षं त्याच प्रमाणात चक्का आणि साखर घेऊन श्रीखंड करणाऱ्या काकूंना त्यांचे धाकटे दीर पहिल्या चमच्यालाच म्हणणार, ‘वहिनी, आज साखर जरा जास्त झाली का?’ हे वाक्य बोलायला इंजेक्शनापेक्षा जास्त धैर्य लागतं. काकू वरकरणी हसतील. मग आत जाऊन उरलेलं श्रीखंड चाखतील, ते नेहमीसारखंच असल्याची खात्री करून घेतील आणि पुढच्या पाडव्यापर्यंत हे विसरणार नाहीत. तिकडे दिरांना आपण काही चूक केली, याचा पत्ताही नसेल. त्यांची जीभ खरंच बोलत होती.

अमेरिकेत या सगळ्याचा हिशेब किराणा दुकानांच्या पावत्यांवर झाला आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांना असं दिसलं की, घरात एक जण जरी ही औषधं घेत असला, तर सहा महिन्यांत किराण्याचा खर्च पाच-सहा टक्क्यांनी घटतो. सर्वांत जास्त कात्री लागते ती चिप्स, बिस्किटं आणि गोडाधोडाला. दही मात्र थोडं जास्त घेतलं जातं. ही शेवटची ओळ महाराष्ट्रात छापताना जपून छापावी. श्रीखंड हेही शेवटी दहीच आहे, असा युक्तिवाद पहिल्याच दिवशी होईल आणि तो खोडून काढणं सोपं नाही.

गोडाच्या या धंद्यात दोन भूगोल समोरासमोर उभे आहेत. एकीकडे लोण्याच्या बिस्किटांसाठी जगभर ओळखला जाणारा डेन्मार्क. तिथल्या एका कंपनीचं शेअर बाजारातलं मोल २०२३ साली देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नापेक्षा मोठं झालं, तेही लोकांची खाण्याची इच्छा कमी करून. दुसरीकडे महाराष्ट्र. विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, १९५०च्या सुमारास त्याचं गाळप सुरू झालं आणि तेव्हापासून इथलं राजकारण, शिक्षणसंस्था, लग्नं आणि निवडणुका उसाच्या पाण्यावर वाढल्या. साखरेची इच्छाच कमी करणारं औषध या राज्यात येतं आणि विधानसभेत साधी लक्षवेधी लागल्याचंही ऐकिवात नाही, हे जरा नवलच. अर्थात एवढ्यात कुणाचं गाळप थांबणार नाही. देशातल्या मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख असल्याचं आयसीएमआरच्या २०२३च्या अहवालात आहे. त्या मानानं सुई घेणारे मूठभरच. मौंजारोची सर्वांत लहान कुपी भारतात आली तेव्हा ३,५०० रुपयांची होती. महिन्याच्या चार कुप्यांचे झाले १४,००० रुपये. एवढे पैसे देऊन माणूस घरी येणार आणि काही खाणार नाही, ही कल्पना जुन्या पिढीच्या गळी उतरणं अवघड आहे. खर्च केला की काहीतरी ताटात दिसायला हवं.

सुईची खरी परीक्षा मात्र दवाखान्यात होत नाही, पानावर होते. औषध टोचलं जातं पाहुण्याला, यजमानाला नाही. पाहुण्याच्या मेंदूतली कुजबुज गप्प झालेली असते, पण शेजारी वाटी घेऊन उभ्या असलेल्या मावशींचा आवाज त्याच्या कवटीबाहेरून येत असतो आणि तिथवर कुठल्याही रेणूची पोच नाही. आपल्याकडे निम्मं गोड तल्लफ आली म्हणून खाल्लंच जात नाही. बारशाचा पेढा, निकालाची बर्फी, नव्या गाडीचे पेढे, नरसोबाच्या वाडीहून कुणी आणलेली कवठाची बर्फी, साताऱ्याचे कंदी पेढे, गोव्याहून आलेली बेबिंका आणि सत्यनारायणाचा शिरा ही सगळी देवाणघेवाण आहे. पेढा नको म्हणणं म्हणजे बातमीच नको म्हणणं. ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ ही ढाल पूर्वी चालायची. आता तिच्यावर ‘अहो, आमच्या ह्यांनाही शुगर आहे, तरी खातात’ हे अस्त्र निघालं आहे. आणि प्रसादाला तर ढालच नाही.

म्हणून सुई घेणाऱ्यानं नको असताना खाल्लं, तर पुढचं नाटक जठरात होतं. जठर आधीच संथ गतीनं रिकामं होत असतं, त्यात वरून तूप आणि साखर. वेगोव्हीच्या त्या मोठ्या चाचणीत सुई घेणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांनी मळमळीची तक्रार केली होती, आणि त्यांना तर कुणी दुसरी पुरणपोळी वाढलेली नव्हती. डॉक्टर थोडं थोडं, सावकाश आणि कमी तुपट खायला सांगतात. हा सल्ला मराठी लग्नात पाळायचा, तर वेगळं कार्यालय घ्यावं लागेल.

मग यातून एक अस्सल देशी प्रश्न निघतो. सणापुरती सुई थांबवली तर? गणपतीत पाच-सहा उकडीचे मोदक पूर्वीच्याच आनंदानं खावेत आणि विसर्जनानंतर पुन्हा टोचून घ्यावं. गणित करून पाहण्यासारखं आहे. सेमाग्लुटाइड आठवड्याला निम्मं होत जातं, म्हणजे अंगातून बहुतांश जायला पाचेक आठवडे लागतात. भाद्रपद शुद्ध चतुर्थीपासून पाच आठवडे मागे मोजले की आषाढ अमावास्या येते. शेवटची सुई गटारीला! त्यानंतर तल्लफ जसजशी परतेल तसतसा श्रावण पुढ्यात असेल. नागपंचमीची पुरणाची दिंडं, राखीपौर्णिमेचा नारळीभात आणि पोळ्याची पुरणपोळी ओलांडून मोदकांपर्यंत पोहोचायचं. वेगोव्हीच्याच चाचणीत औषध बंद केल्यावर वर्षभरात लोकांचं उतरलेलं वजन दोन तृतीयांश परत आलं होतं. त्यांच्या वाटेत श्रावण नव्हता.

विसर्जनानंतर सुरुवातही जिथे सोडलं तिथून होत नाही. इतक्या खंडानंतर डॉक्टर बहुधा पुन्हा सर्वांत लहान डोसापासून चढवत नेतात, नाहीतर मळमळ आवरत नाही. ०.२५ मिलिग्रॅमपासून २.४ गाठण्याआधीच्या चार पायऱ्या, प्रत्येक पायरीला चार आठवडे. पूर्ण डोस लागू होईस्तोवर दसरा झालेला असतो, कोजागरीचं दूध आटलेलं असतं, दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झालेले असतात, तुळशीच्या लग्नामागून माणसांची लग्नं सुरू झालेली असतात आणि दारात कुणीतरी तीळगूळ घेऊन उभं असतं.